आकारामतात्या जामीन राहतात

गडमुडशिंगीत कुणाच्या घरी लग्नाची बैठक असली, की आकारामतात्यांना निरोप जायचाच. एक वेळ आचाऱ्याला सांगायचं राहून जाईल, तात्यांना नाही. तात्या काही पुढारी नव्हते, की सावकार नव्हते. शिरोलीच्या एका फाउंड्रीत सारा जन्म वाळूचे साचे भरले, निवृत्त झाले आणि आता दोन म्हशी अन् एक पाण्याची मोटर सांभाळत होते. पण बैठकीत माणसानं कसं बसावं, ते तात्यांकडून शिकावं. इस्त्रीची टोपी, घट्ट मांडी, चहाची बशी डाव्या तळहातावर आणि तोंडावर असा भाव, की दोन्ही घराण्यांच्या सात पिढ्या यांच्या मांडीवरच खेळून मोठ्या झाल्या आहेत.

त्यांची वाक्यंही ठरलेली असत. मुलगा कुठल्याही गावचा असो, "त्येंचं घराणं मला ठावं हाय की." तो काहीही करत असो, "पोरगं कष्टाचं हाय." आणि बोलणी कुठं अडायला लागली, की घसा खाकरून, "मी बसलोय न्हवं हितं?" एवढं म्हटलं की दोन्हीकडची माणसं सैल पडायची आणि पोह्यांच्या बशा पुढं सरकायच्या. यातलं खरं किती, हे विचारू नये. बैठकीत सगळेच खरं बोलायला लागले तर या जिल्ह्यात कुणाचं लग्न जमायचं नाही, असं तात्यांचं प्रामाणिक मत होतं.

सगळं ठरलं की याद्या व्हायच्या. कागदावर वर श्रीकार, खाली मानपान कुणी करायचा, जेवण कुणाचं, कपडे कुणाचे, आणि तळाला वडीलधाऱ्यांच्या सह्या. तात्यांची सही त्यात असायचीच. सही झाली की टोपी नीट करून ते घरी यायचे, आणि पुढं त्या नवराबायकोचं काय झालं, याची चौकशी करण्याच्या भानगडीत ते पडत नसत. साचा भरणं हे आपलं काम, त्यातलं ओतीव लोखंड चांगलं निघालं की वाईट ते दुसऱ्या खात्यानं बघावं, ही सवय फाउंड्रीतच लागलेली.

त्या रविवारी मात्र तात्या बैठकीला गेलेच नव्हते. ते पाना मागायला गेले होते. मोटरीचा पाइप गळत होता आणि मोठा पाना सबंध गल्लीत एका विजयसिंहांकडंच होता. विजयसिंह म्हणजे तीन मजली घराचे मालक. खाली स्वतः राहत, वरच्या खोल्या कारखान्यातल्या पोरांना भाड्यानं देत. तात्यांच्या चष्म्याची काडी मोडली होती, म्हणून तो दुकानात दुरुस्तीला टाकलेला. तेव्हा तात्यांना जे दिसलं, ते बिनचष्म्याचं दिसलं, एवढं लक्षात ठेवायला हवं.

तर काय दिसलं? विजयसिंहांच्या सोप्यात सतरंजी अंथरलेली. एका बाजूला विजयसिंह. समोर धुतला शर्ट घातलेलं, मान खाली घातलेलं एक तरणं पोरगं, शेजारी टोपीवाला म्हातारा मामा. आणि विजयसिंहांची मुलगी संयोगिता ट्रेमधून चहा घेऊन आलेली. तात्यांनी दारातच चपला काढल्या.

"या, या तात्या!" विजयसिंह म्हणाले. "बरं झालं आलासा. बसा. ह्ये पावणं गारगोटीचं. पोरगं उदयसिंह, शिरोलीत कामाला हाय."

पाना राहिला बाजूला. तात्या सतरंजीवर आपल्या नेहमीच्या जागी, म्हणजे मधोमध, बसले.

विजयसिंह पोराला विचारत होते, घरात कोण कोण, काम कायमचं की कंत्राटी, पिणं-बिणं काही आहे का, गावाकडं जमीन किती. पोरगं हळू आवाजात उत्तरं देत होतं. तात्यांना पोराची दया आली. मुलीचा बाप असा उलटतपासणी घ्यायला लागला, की चांगल्या चांगल्यांची बोबडी वळते. शिवाय काम कंत्राटी, जमीन नावापुरती. बोलणी मोडायच्या बेतात आली होती, हे बैठकीतल्या जुन्या माणसाला कळायला चष्मा लागत नाही.

"कुणाचं म्हनायचं पोरगं?" तात्यांनी मधेच तोंड घातलं.

"हिंदुराव देसायांचा नातू," मामा म्हणाला.

"हिंदुराव!" तात्यांनी मांडीवर थाप मारली. "आवो, मी आन् हिंदुराव एका भट्टीवर हुतो! काय माणूस! सोनं हो, सोनं. त्येच्या घरातलं पोरगं म्हंजे डोळं झाकून हां म्हना, दादा."

मामा आ वासून बघत राहिला. पोरानं मान वर केली, काही बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"म्हंजे तुमी वळखता ह्येंना?" विजयसिंहांचा चेहरा उजळला. "आन् उद्या काय कमीजास्त झालं तर?"

"मी बसलोय न्हवं हितं?"

"तुमी ऱ्हाता मधी?"

"आकारामचा शब्द हाय."

विजयसिंहांनी कागद घेतला. वर श्रीकार घातला, ते ठळक असल्यानं तात्यांना दिसलं. खाली बरंच काही लिहिलं, ते दिसलं नाही. पोरानं सही केली, मग विजयसिंहांनी बोट ठेवलेल्या जागी तात्यांनी. पोरगं उठलं आणि तात्यांच्या पाया पडलं. मामा तर उपरण्यानं डोळे टिपायला लागला. जावयाकडची माणसं इतकी हळवी तात्यांनी कधी बघितली नव्हती.

घरी येताना मात्र त्यांना जरा चुकचुकल्यासारखं झालं. मानपानाचा विषय निघाला नाही. पेढा नाही. आणि विजयसिंहासारखा पक्का माणूस आपली एकुलती एक पोरगी कंत्राटी कामगाराला देतो, हे काही गणितात बसत नव्हतं. पण मोठ्यांचं मोठ्यांना ठाऊक, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. पाना आणायचा राहिला, हे मोटर बघितल्यावर आठवलं.

"इजयदादाच्या पोरीचं ठरलं," त्यांनी शालूबाईला सांगितलं. "मीच जमवून आलो."

शालूबाई त्यांची बायको. बातमी पोटात ठेवणं हा प्रकार तिला आवडत नसे. दुपारी वाटीत साखर घेऊन ती विजयसिंहांच्या घरी गेली, आणि वाटेत जी जी भेटली तिलाही कारण सांगत गेली. तासाभरानं साखर तशीच घेऊन परत आली. पाठोपाठ विजयसिंह. त्यांच्या मागं संयोगिता.

"तात्या, माझं लगीन ठरवलासा म्हणं?" संयोगिता कडाडली. "मी परीक्षेचा अभ्यास करतोय, आन् हिकडं गल्लीतल्या बायका मला डोळं मिचकवाय लागल्यात! कोण हाय नवरा, एवढं तरी सांगा!"

"अगं, सकाळचं पोरगं की," तात्या म्हणाले. "तूच च्या घिऊन आलतीस न्हवं?"

"आईला बरं न्हाय म्हणून आणला!"

विजयसिंह हसत होते की चिडले होते, ते कळत नव्हतं. बहुतेक दोन्ही. "तात्या, त्यो भाडेकरू हाय ओ. तिसऱ्या मजल्यावरची खोली मागाय आलता. त्येचं लगीन झालंय, लेक झालीया. बायको बाळंतपणाला म्हायेरला गेलीया, तिला हिकडं आणायची हाय."

"आन् मग त्यो कागद? त्या याद्या?"

"कसल्या याद्या! तुमी जामीन ऱ्हायलासा त्येला!"

मग विजयसिंहांनी सगळं उलगडून सांगितलं. पोराचं काम आज आहे, उद्या नाही. आधीच्या घरमालकाचं भाडं थकलं होतं आणि त्यानं सामान रस्त्यावर काढलं होतं. हे विजयसिंहांच्या कानावर आलेलं. त्यांचे स्वतःचेही हात पोळलेले, मागचा भाडेकरू लाइटबिल बुडवून गेला तो गेला, जाताना नळाच्या तोट्यासुद्धा काढून घेऊन गेला. म्हणून त्यांनी पोराला सांगितलं होतं, खोली देतो, पण गावातला, घरदार असलेला जामीन आण. गारगोटीचा मामा काय कामाचा? पोरगं चार दिवस हिंडलं, कुणी उभं राहिलं नाही. आणि नेमक्या वेळी तात्या आपण होऊन आत आले.

"भाडं थकलं, काय मोडतोड झाली, न्हाईतर पोरगं पळून गेलं, तर जामीनदारानं भरून द्यायचं," विजयसिंह म्हणाले. "त्यो कच्चा कागद हाय. मंगळवारी वकिलाकडनं पक्का येतोय. तुमचं नाव नगं असलं तर तवर सांगा, मी खोडतो. पण मग पोराला खोली सोडाय लागंल. किल्ली दिलीया मी त्येला, तुमच्या शब्दावर."

सगळे गेले. तात्यांच्या डोक्यात मात्र कल्लोळ. आपण ज्याचं लग्न जमवलं त्याचं लग्न आधीच झालेलं. ज्याला नवरदेव समजलो तो भाडेकरू. आणि ज्या हिंदुरावाला सोनं म्हटलं, तो काळा की गोरा हेही माहीत नाही. म्हशींना वैरण टाकताना त्यांनी एकीलाच दोनदा टाकली आणि दुसरीला टाकलीच नाही. ती हंबरायला लागली तेव्हा कळलं.

"खोडून टाका नाव," संध्याकाळी ताटावर बसल्यावर ते स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले. "कोण कुठलं पोरगं! वळख ना पाळख. माझ्या म्हातारपणी ही बिलामत कशाला?"

"तुमी त्या हिंदुरावाला खरंच वळखत न्हाय?" शालूबाईनं विचारलं.

"न्हाय."

"मग सोनं हाय म्हणून का सांगितलासा?"

"बैठकीत तसं म्हनायचं असतंय."

शालूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "म्हंजे इजयदादाची पोरगी द्यायला तुमाला वळख लागली न्हाय. जनमभराचं काम, तरी डोळं झाकून हां म्हना म्हणालासा. आन् आता खोलीचं भाडं म्हटल्यावर घास गिळंना?"

हा प्रश्न तात्यांना कुणी कधी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर त्यांच्या ठरलेल्या वाक्यांत कुठंच नव्हतं.

"लग्नात कोण जामिनाची सही घेतंय व्हय?" ते अखेरीस म्हणाले. पण आवाजात काही दम नव्हता.

"धोंडुबाईनं कुठं सही दिलती?"

"कोण धोंडुबाई?"

"आपलं लगीन जमवलेली. माझ्या म्हायेरची."

तात्यांना अंधूक आठवली. काटकुळी, कपाळभर कुंकू, बैठकीत सगळ्यात मोठ्यांदा बोलणारी.

"लगीन झाल्यावर तुमची कंपनी वरीसभर बंद पडली," शालूबाई बोलायला लागली. "तुमी भिताडाकडं तोंड करून पडून असायचा. तवा दर बाजाराला पीठ यायचं घरात. कुणी धाडलं वाटतंय तुमाला?"

"तुझ्या दादानं. तूच म्हणाली हुतीस."

"दादानं मूठभर धाडलं न्हाय. धोंडुबाई यायची, तुमी नसताना. मी नगं म्हटलं तर म्हणायची, 'पोरगं कामाचं हाय म्हणून बैठकीत मी बोललोय. माझं बोलणं खोटं पडाय नगं.' आन् तुमाला सांगायचं न्हाय म्हणून तिनं शपथ घातलती. म्हणायची, त्येला कळलं तर त्यो मान वर काढायचा न्हाय."

तात्यांच्या हातातला घास हातातच राहिला. इतक्या वर्षांनी हे आपल्याला सांगितलं म्हणून बायकोवर रागवावं, की इतकी वर्षं सांगितलं नाही म्हणून, ते त्यांना ठरवता येईना. त्यांना लाज वाटत होती, तीसुद्धा नेमकी कशाची ते कळत नव्हतं. शालूबाईच्या दादाला ते प्रत्येक दिवाळीत त्या पिठाबद्दल नमस्कार करत आले होते, आणि त्या माणसानं एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

"पर ती मला चांगली वळखत असंल," ते म्हणाले.

"कुठली? बैठकीतच पयल्यांदा बघितलं तिनं तुमाला."

सोमवारी तात्या उदयसिंहाच्या खोलीवर गेले. नाव काढतो हे सांगायला, की ठेवतो हे सांगायला, ते त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. तीन जिने चढेपर्यंत काहीतरी ठरेल असं वाटलं होतं. नुसती धाप लागली.

खोलीत एक शेगडी, एक गुंडाळलेली गादी आणि दोन पिशव्या. पोरगं जमिनीवर उकिडवं बसून भिंतीतल्या खालच्या लाइटच्या बटनांवर चिकटपट्टी लावत होतं. प्लगच्या भोकांवर आडवी, मग उभी.

"ह्ये काय चाललंय?"

"बाळ हात घालंल म्हणून, तात्या."

"किती म्हैन्याचं हाय?"

"दोन."

"मग ते हितंवर कवा पोचायचं?"

"पोचंल की कवातरी," पोरगं म्हणालं आणि पट्टी दातानं तोडली.

तात्या गादीच्या वळकटीवर टेकले. पोरानं पाणी दिलं आणि समोर बसलं. "तात्या, एक विचारू? आज्जा भट्टीवर असताना कसा हुता ओ?"

आता आली का पंचाईत. तात्यांनी घसा खाकरला. "उंचापुरा गडी. चालाय लागला की जमीन हलायची."

"आमचा आज्जा पायानं अधू हुता," पोरगं शांतपणे म्हणालं. "गारगोटी सोडून कवा कुठं गेला न्हाय."

पाण्याचा तांब्या तात्यांच्या हातात जड झाला. चोरी अशी पकडली गेली, की पळायलाही जागा नाही. जिने तीन आणि गुडघे दुखरे.

"मग बैठकीतच का न्हाय बोललास?"

"माझ्या बायकोचा, मोनाचा भाऊ म्हणतोय, खोली झाल्याबिगर भैन धाडत न्हाय. लेकीला मी एकदाच बघितलंय. आन् तुमी आत येऊन बोलाय लागलासा. मला वाटलं, कोण का असंनात, ह्येंनला मधी अडवायचं न्हाय."

"आधीच्या घराचं भाडं थकलतं, ते खरं?"

"खरं. काम बंद हुतं आन् मोना दवाखान्यात."

"आन् आता परत काम बंद पडलं तर?"

तात्या थांबले. आता पोरगं म्हणेल, तात्या, काळजी करू नका, रक्ताचं पाणी करीन, एक दिवस उशीर होणार नाही. असली वाक्यं तात्यांना तोंडपाठ होती.

"ठावं न्हाय," पोरगं म्हणालं.

बैठकीत आयुष्य काढलेल्या माणसानं हे दोन शब्द कधी ऐकले नव्हते. मुलाचा बाप म्हणत नाही, मुलीची आई म्हणत नाही, मध्यस्थ तर मेला तरी म्हणत नाही. तात्या उठले, जिना उतरले, आणि आपण काय सांगायला गेलो होतो ते सांगितलंच नाही, हे खाली आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

मंगळवारी चष्मा मिळाला. तात्या टोपी घालून विजयसिंहांकडं गेले. उदयसिंह आधीच येऊन कोपऱ्यात उभा होता, खोलीची किल्ली मुठीत धरून. द्यावी लागली तर चटकन देता यावी, अशी. विजयसिंहांनी पक्का कागद पुढं ठेवला. तात्यांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, बोट फिरवत, ओठ हलवत. मधे संयोगितानं चहा आणून ठेवला. "तात्या, आज कुणाचं लगीन?" असं विचारून ती गेली. तात्यांनी मान वर केली नाही.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "दादा, पयल्यांदा एक सांगतो. हिंदुरावाला मी वळखत न्हाय. ते मी आपलं बोललो हुतो."

विजयसिंह उदयसिंहाकडं बघायला लागले. उदयसिंहानं मूठ उघडली.

"आन् ह्या पोराला?" विजयसिंहांनी विचारलं.

"कालपासनं. थोडंसं."

"मग आता तरी खरं सांगा. पोरगं कसं हाय? भाडं येळंवर दील?"

"ठावं न्हाय," तात्या म्हणाले, आणि त्यांनी पेन उचललं.

"अवो, ठावं न्हाय म्हणताय, आन् सही कशी करताय?"

"ठावं असतं तर तुमी जामीन मागितला असता व्हय?"

विजयसिंहांनी कागद तात्यांकडं सरकवला. तात्यांनी बोट ठेवून जामीनदार हा शब्द पुन्हा एकदा वाचला आणि त्याच्यापुढं सही केली. इतक्या याद्यांवर सह्या केल्या होत्या, पण अक्षर न् अक्षर वाचून केलेली ही पहिलीच.

"काम बंद पडलं तर पयलं मला सांगायचं," ते उदयसिंहाला म्हणाले. "दादांनला न्हाय, मला. भिताडाकडं तोंड करून झोपायचं न्हाय."

पोरानं मान हलवली. त्याला ते भिंतीचं काही कळलं नाही, पण किल्ली त्यानं खिशात टाकली. तात्या दारापर्यंत गेले, चपला घातल्या आणि परत वळले.

"दादा, त्यो पाना द्या की तेवढा," ते म्हणाले. "रविवारी त्येच्यासाठीच आलतो."